बाजूच्या सीटचा ब्रेक

हळूमास्तरांनी सव्वीस वर्षांत गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या लोकांपासून वाचवलं, असं त्यांची बायको म्हणायची. मास्तरांचं खरं नाव त्यांच्या परवान्यावर होतं आणि तिथेच राहिलं. शिकवताना ते एकसारखे "हळू... हळू... अजून हळू" म्हणायचे, गाडी बंद असली, किल्ली खिशात असली तरी म्हणायचे. त्यावरून हे नाव पडलं.

शरीर असं की सीटबेल्ट लावताना त्यांना एकदा श्वास आत घ्यावा लागे, आणि बेल्ट लागल्याचा 'टक्' आवाज आला की तो सोडावा लागे. मग दोन्ही हात पोटावर ठेवून ते बाजूच्या सीटवर असे बसायचे, की नवख्याला वाटावं हे गृहस्थ आता झोपणार. पण मास्तरांचा सगळा जीव उजव्या पायात असे. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात, ते एका दांडीनं चालकाच्या पेडलांना जोडलेले असतात. इकडचा ब्रेक दाबला की तिकडचाही आपोआप खाली जातो. मास्तरांचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजायचा. चांभार त्यांना एकदा म्हणाला होता, "मास्तर, एकेक बूट वेगळा विकायला लागलो तर पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

आता नियम असा, की मास्तरानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला की गाडीत बझर वाजला पाहिजे. शिकणाऱ्याला कळावं की चूक झाली, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबालाही कळावं. मास्तरांच्या गाडीतला बझर मात्र मोठा दुष्ट होता. तो वाजला की शिकणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. एक शाळामास्तरीणबाई तर रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून रडायला लागल्या होत्या. त्या दिवशी घरी जाऊन मास्तरांनी पक्कड घेतली आणि बझरची तार तोडून टाकली. गाडी तपासणीला न्यायची असली की तेवढ्यापुरती जोडायची, परत आल्यावर तोडायची.

तेव्हापासून त्यांनी एक वेगळीच पद्धत सुरू केली. शिकणारा सरळ समोरच्या दुधाच्या गाडीवर आदळायला निघाला, की मास्तर गुपचूप ब्रेक दाबायचे आणि वर म्हणायचे, "व्वा! छान दाबला ब्रेक!" शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल खरंच खाली गेलेलं असायचं. त्याला वाटायचं, आपणच दाबला. छाती फुगायची, हातांची थरथर थांबायची, आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत तो खरोखरच ब्रेक दाबायला शिकायचा. गावातले एक बँकेचे साहेब आजही जेवायला आलेल्या पाहुण्यांना सांगतात, की शिकत असतानाच एका कुत्र्याचा जीव त्यांनी कसा विजेच्या वेगानं वाचवला. ते कुत्रं मास्तरांनी वाचवलं होतं. त्या वेळी साहेबांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. मास्तर ही गोष्ट ऐकायचे आणि मान डोलवायचे. असे किती कुत्रे, किती सायकलवाले, किती भिंती त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर वाचवल्या होत्या, त्याचा हिशेब फक्त त्यांच्या पायाला होता.

ह्या चांगुलपणानंच पुढे त्यांचा गळा धरला.

झालं असं. परवाना कचेरीतले परीक्षकसाहेब निवृत्त झाले. तीस वर्षं लोकांना नापास करून दमलेल्या साहेबांना सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मिळून दुपारचं जेवण दिलं. भाषणं झाली. ज्यांनी साहेबांना जन्मभर शिव्या दिल्या, त्यांनीच गहिवरून हार घातले. मग ग्लास भरले. मास्तर पिणारे नव्हेत. वर्षाकाठी एखाद्या वेळी, तेही बायको समोर असेल तर अर्धा. पण त्या दिवशी बायको समोर नव्हती आणि साहेब समोर होते. साहेब म्हणाले, "हळूमास्तर, तुमच्या माणसांना मी सगळ्यात कमी नापास केलं. घ्या." पुन्हा म्हणाले, "घ्या." तिसऱ्यांदा मास्तरांनी स्वतःच स्वतःला म्हटलं, "घ्या."

चार वाजता त्यांचा एक धडा होता. गावात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना मास्तर 'ताई' म्हणत. ताईंना लांबच्या चार शाळांचं काम मिळालं होतं. कपडे स्वतः नेऊन पोचवायचे ही अट होती, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकायला आल्या होत्या. शाळा उघडायच्या आत परवाना हवा होता. परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी घेतलेली आहे. मी गाडी चालवणार नाही. नियम म्हणजे नियम!" टाळ्या पडल्या. त्यांनी ताईंना फोन केला, "ताई, रिक्षानं इकडेच या. धडा इथूनच सुरू करू. आज चालवायचं तुम्ही, मी फक्त बाजूला बसणार." ताई आल्या. मास्तरांनी किल्ली त्यांच्या हातात अशी दिली, जशी काही बक्षीस समारंभात ढाल देतायत. श्वास आत घेतला, टक्, श्वास सोडला. तो सोडलेला श्वास ताईंच्या नाकापर्यंत गेला, पण शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याला काय बोलायचं? त्यांनी काच खाली केली आणि गिअर टाकला.

त्या दिवशी ताईंनी जन्मात चालवली नव्हती इतकी सुंदर गाडी चालवली. क्लच लोण्यासारखा सुटला, वळणं गोल घेतली, आरशात वेळेवर पाहिलं. शाबासकी द्यायला मात्र कोणी जागं नव्हतं. हात पोटावर, मान छातीवर, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर खरोखर झोपले होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीसमोरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर झोपेत त्यांना काय दिसलं कोणास ठाऊक. कुत्रं असेल, भिंत असेल. उजवा पाय उठला आणि सगळ्या देहाच्या वजनानिशी ब्रेकवर पडला.

गाडी जागच्या जागी रुतली. मागून स्कूटरवर येणारे घड्याळजी (बाजारातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक, मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे) डिकीवर येऊन आदळले. उजवं मनगट मोडलं.

मास्तर जागे झाले तेव्हा त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता. बूट पेडलवर, पेडल तळाला. ही एक गोष्ट त्यांनी स्वच्छ पाहिली. बाकी सगळं धूसर होतं.

पोलीस ठाण्यात हवालदार निघाला त्यांचाच विद्यार्थी. त्यानं मशीन पुढे केलं.

"मास्तर, फुंका."

"हळू?"

"हळू नाही मास्तर. जोरात."

मशीननं मर्यादेच्या अडीचपट आकडा दाखवला. हवालदारानं मशीन हलवलं, टेबलावर आपटलं, पुन्हा फुंकायला लावलं. मशीन आपल्या शब्दाला पक्कं होतं. मग दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. गाडी जप्त झाली आणि ठाण्याच्या आवारात उभी राहिली. तिच्या टपावर मास्तरांचा हसरा फोटो आणि खाली 'घाई कशाला? शिकून जा!' कोणीतरी त्याचा फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर होता.

पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट ठाण्यातल्या बाकावर घडली. ताई जबाब देत होत्या. साडीच्या पदराला टोचलेल्या दोन टाचण्या काढत होत्या, परत टोचत होत्या.

"ब्रेक कोणी दाबला?" हवालदारानं विचारलं.

"मीच की. पेडल माझ्या पायाखालून खाली गेलं, म्हणजे मीच दाबला असणार ना. मला आधीही असंच व्हायचं. पाय आपोआप दाबायचा, आणि मास्तर म्हणायचे छान दाबला. ह्या वेळी नको तिथे दाबला गेला." आणि त्या रडायला लागल्या. "माझ्या पायाला काही अक्कलच नाही हो."

बाकावर बसलेल्या मास्तरांनी तोंड उघडलं. त्यातून उचकी आली. मग त्यांनी तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामिनावर घरी आल्यावर मास्तर अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बायको चहा देऊन गेली. कपबशीचा आवाज झाला तेवढाच.

मेहुणा आला. हा विमा कंपनीत कारकून होता आणि वाईट बातमी अगदी गोड आवाजात द्यायची त्याला सवय होती.

"भाऊजी, आमच्या फॉर्मवर एक चौकोन असतो. 'चालक मद्याच्या अंमलाखाली होता काय?' तिथे 'नाही' असेल तर कंपनी तुमची आई. दवाखाना, स्कूटर, घड्याळजींची बुडालेली कमाई, सगळं देईल. 'होय' असेल तर कंपनी तुम्हाला ओळखत नाही. सगळं तुमच्या खिशातून. ऑफिसात मीसुद्धा ओळखणार नाही. घरी ओळखीन."

"पण चालवत ताई होत्या."

"तेच तर म्हणतो! ब्रेक ताईंचा असेल तर चालक ताई. आणि ताई तर पाण्याशिवाय काही पीत नाहीत."

वकीलही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. भिंतीला लावलेली कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्यापुढे मांडलेल्या बुद्धिबळाच्या ढाली अशा खोलीत त्यानं मास्तरांना बसवलं.

"मास्तर, दोन रस्ते आहेत. एक, शिकाऊ माणसाबरोबर तुम्ही प्यायलेले बसलात. चूक आहे, पण साधी. दंड होईल, सहा महिने परवाना बंद. दुसरा, प्यायलेल्या अवस्थेत गाडीचा ताबा तुमच्याकडे होता आणि त्यात माणूस जखमी झाला. शिवाय दारू मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि तुमचा धंदाच शिकवायचा. ह्याला कायदा गंभीर गुन्हा म्हणतो. तुरुंग, शिकवायचा परवाना कायमचा रद्द, गाडी चालवायचा काही वर्षं रद्द, भरपाई घरातून. ह्या दोन रस्त्यांमध्ये फरक किती? एका पायाचा."

"आणि ताईंना काय होईल?"

वकिलानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "निष्काळजीपणाचा ठपका येईल. शिकाऊ परवाना जाईल, दोन वर्षं नवा मिळणार नाही. भरपाईतला थोडा वाटा त्यांच्याही अंगावर येईल. पण त्या स्वतःच कबूल करतायत ना? आपण काही त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. आपण फक्त गप्प बसायचं. गप्प बसायला काय लागतं?"

गप्प बसायला काय लागतं, ते मास्तरांना पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

दर शनिवारी स्कूलच्या कचेरीत नियमांचा वर्ग असे. तो मास्तरांची बायको घ्यायची. ती मोठी करडी बाई. खडूनं फळ्यावर चौक काढायची तर पट्टी लावून. त्या शनिवारी नेमका धडा आला 'मद्य आणि वाहन'. मास्तर पार्टिशनच्या पलीकडे फायली लावत बसले होते, म्हणजे एकच फाइल चारदा लावत होते. बायकोनं धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, एक ओळ गाळली नाही. अकरा विद्यार्थी होते. त्यातल्या एकानं, अगदी निरागसपणे की मुद्दाम ते देव जाणे, विचारलं, "मॅडम, बाजूला बसलेला शिक्षक प्यायलेला असेल तर?"

पार्टिशनच्या पलीकडे फाइल लावायचा आवाज थांबला.

"शिक्षकासमोर ब्रेक असतो," ती म्हणाली. "ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे, तो चालक. पुस्तिकेत बेचाळिसावं पान. लिहून घ्या."

पुस्तिका मास्तरांनीच छापून घेतली होती. मुखपृष्ठावर तोच टपावरचा फोटो होता.

त्यानंतर मास्तर घराबाहेर पडताना मागच्या गल्लीनं जायला लागले. गाडी शिकवण्याची हीच एक अडचण, की गावात अनोळखी माणूस उरत नाही. दूधवाला विद्यार्थी, औषधवाला विद्यार्थी. सगळे प्रेमानंच बोलायचे, हेच वाईट. "मास्तर, होतं असं कधीतरी. तुम्ही थोडेच चालवत होता! ती बाईच कच्ची." औषधवाल्यानं असं म्हटल्यावर मास्तर सर्दीची गोळी न घेताच परत आले.

एके दुपारी ते घड्याळजींकडे गेले. बाजारातलं ते कपाटाएवढं दुकान. काचेखाली लोकांची घड्याळं उघडी पडलेली, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. घड्याळजी स्टुलावर बसले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्याला भिंग मात्र सवयीनं लावलेलं.

"या हळूमास्तर! बसा. दुकानातली पन्नास घड्याळं बंद आहेत, त्यामुळे घाई कोणालाच नाही."

"हात कसा आहे?"

"खाजतो. डाव्या हातानं स्क्रू काढायला गेलो तर तो उडून असा गेला, की अजून घरी आलेला नाही." घड्याळजी हसले. मग भिंग काढून म्हणाले, "त्या शिवणवाल्या बाई रोज येतात हो. दुकान झाडतात, चहा आणतात. नको म्हटलं तर रडतात. काल म्हणाल्या, घरच्या सगळ्यांचे कपडे जन्मभर फुकट शिवून देते. मी म्हटलं, बाई, माझ्या घरात मी एकटा आणि माझे शर्ट तीन! शाळांचं काम सोडणार म्हणतात. गाडीला परत हात लावणार नाहीत म्हणे. तुम्ही समजवा बुवा, तुमचं ऐकतील."

मास्तरांनी खिशातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"हे काय?"

"औषधाला."

"ब्रेक त्यांनी दाबला आणि पैसे तुम्ही देताय?" घड्याळजींनी पाकीट डाव्या हातानं परत सरकवलं. "खरंच भला माणूस हो तुम्ही."

मास्तर उठले आणि पाकीट खिशात घालून निघाले. 'भला माणूस' हे शब्द त्यांच्या पाठीवर जाहिरातीसारखे चिकटले होते. घर येईपर्यंत ते दोनदा थांबले. एकदा तर परत फिरले आणि बाजाराच्या तोंडापर्यंत गेलेही. पण तिथे दूधवाला दिसला आणि त्यांनी मागची गल्ली धरली.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं, "अहो, ब्रेक कोणी दाबला?"

तीन आठवड्यांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आठवत नाही गं. मी झोपेत..."

"सव्वीस वर्षांत तुम्हाला न आठवलेला एकही ब्रेक नाही. जेवताना सांगता, झोपताना सांगता. आज अमक्याला भिंतीपासून चार बोटांवर थांबवला, आज तमकीला. आणि हाच नेमका आठवत नाही?"

मास्तरांनी टेबलावरचं मीठ इकडून तिकडे केलं.

"अगं, तुरुंग आहे. गाडी जाईल. स्कूल जाईल. तू काय करशील?"

"माझं मी बघीन." तिनं फडकं कोपऱ्याला कोपरा जुळवून नीट वाळत घातलं. "त्या बाईला तुम्ही खोटी शाबासकी देऊन देऊन तिचा स्वतःचा पाय तिला ओळखेनासा केलात. आता तोच पाय तिच्या गळ्यात बांधताय. मला तुमच्या पिण्याची लाज वाटली होती. ती मी पचवली असती."

एवढं बोलून ती आत गेली. मास्तर मीठ धरून बसून राहिले.

खटल्याच्या दिवशी न्यायालयाची खोली भरलेली होती. न्यायाधीशबाई दुसऱ्या गावाहून बदलून आलेल्या, गाडी स्वतःच्या गावी शिकलेल्या. त्या खोलीत मास्तरांचा विद्यार्थी नसलेली बहुधा तीच एक व्यक्ती. ताई बाकावर टोकाला बसल्या होत्या, हातात रुमाल, रुमालाला टाचणी. वकिलानं सुरेख भाषण केलं. माझे अशील फक्त बाजूला बसले होते, सव्वीस वर्षांत त्यांच्यावर एक डाग नाही, वगैरे. ते ऐकताना स्वतः मास्तरांनाही त्या अशिलाबद्दल आदर वाटायला लागला होता.

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकिलानं हळूच मान हलवली. नाही म्हणा.

मास्तर उभे राहिले. "मॅडम, ब्रेक मी दाबला."

"पण त्या बाई तर म्हणतात..."

"त्यांना तसं वाटतं. माझा ब्रेक दाबला की त्यांचाही खाली जातो. मी झोपलो होतो. प्यायलेलो होतो म्हणून झोपलो होतो. रस्ता मोकळा होता. ताई उत्तम चालवत होत्या. जागा झालो तेव्हा माझा बूट पेडलवर होता, तळापर्यंत. मी पाहिलं आणि तीन आठवडे बोललो नाही."

"तुमच्या गाडीत बझर असतो ना?"

"तोडलेला आहे. मीच तोडला, अकरा वर्षांपूर्वी." मास्तरांच्या कपाळावरून घाम गालावर आला, तो त्यांनी पुसला नाही. "लोकांना वाईट वाटायचं. म्हणून मी ब्रेक दाबायचो आणि त्यांना सांगायचो, तुम्हीच दाबला. सगळ्यांनाच सांगायचो."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांना, मॅडम."

दारातल्या हवालदारानं आपल्या बुटाकडे पाहिलं. टंकलेखक बाईंची बोटं यंत्रावर थांबली. वकिलाच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यालाही शिकत असताना नदीच्या पुलावर असाच एक ब्रेक लागला होता, आणि त्याच्या जोरावर त्यानं घरी बरंच काही सांगितलं होतं. मागच्या बाकावर बँकेचे साहेब होते. त्यांनी घसा खाकरला आणि अगदी बारीक आवाजात शेजाऱ्याला विचारलं, "मग ते कुत्रं?"

न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं, तेव्हा कुठे लोक आपापल्या पायांवरून नजर काढून समोर पाहायला लागले.

शिक्षा झाली ती व्हायची तशीच. पंधरा दिवस कैद. दंड. शिकवायचा परवाना कायमचा रद्द, गाडी चालवायचा पाच वर्षं. बझर तोडल्याबद्दल वेगळा दंड आणि स्कूलला समज. दवाखाना, स्कूटर आणि घड्याळजींचे तीन महिने, सगळं मास्तरांकडून. मेहुण्यानं चौकोनात 'होय'वर खूण झालेली स्वतः पाहिली आणि ठरल्याप्रमाणे ऑफिसात ओळख दाखवली नाही; घरी मात्र पतपेढी बघून कर्जाचे कागद त्यानंच भरले. ठाण्यातून सुटलेली गाडी विकली. नव्या मालकानं टपावरचा फोटो काढायला तीन वेळा घासला, तरी मिशी थोडी राहिलीच.

कैदेतले पंधरा दिवस मास्तर कोणाला सांगत नाहीत. एवढंच सांगतात, की तिथला पहारेकरी रोज दार लावताना म्हणायचा, "मास्तर, हळू लावतो हं."

ताईंवरचा ठपका निघाला. पण निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर मास्तर हात जोडून समोर उभे राहिले, तेव्हा त्या थांबल्या नाहीत. दोन पायऱ्या उतरून गेल्या आणि परत वर आल्या.

"मास्तर, एक सांगा. दोन महिन्यांत मी ब्रेक दाबला, दाबला म्हणालात. त्यातले माझे किती?"

मास्तरांनी खोटं बोलायचं म्हणून नाही, मोजायचं म्हणून डोळे मिटले.

"तीन," ते म्हणाले.

"तीन," ताई म्हणाल्या, आणि निघून गेल्या. पुढे वर्षभर त्या मास्तरांशी बोलल्या नाहीत.

स्कूल बायकोनं स्वतःच्या नावावर करून घेतलं. शिकवायला दुसऱ्या गावची एक बाई नेमली. त्या बाईंच्या गाडीतला बझर असा वाजतो, की शेजारच्या बिल्डिंगमधलं बाळ उठतं. ताई त्यांच्याकडेच शिकल्या. बझर वाजला की कचकन दात आवळायच्या, पुन्हा गिअर टाकायच्या. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. त्या वर्षीची शाळांची कामं हातची गेली होती. पुढच्या वर्षी दोन शाळा परत मिळाल्या, दोन गेल्याच.

मास्तर आता कचेरीतल्या फायली लावतात आणि शनिवारी फळा पुसतात. 'मद्य आणि वाहन' हा धडा आला की बायको खडू टेबलावर ठेवून बाजूला होते, आणि मास्तर उभे राहून बेचाळिसावं पान वाचतात. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देतात. आवाज मात्र बसलेलाच असतो, मागच्या रांगेतून कोणी ना कोणी ओरडतं, "मोठ्यानं!" दर महिन्याच्या पाच तारखेला ते चालत बाजारात जाऊन घड्याळजींच्या काउंटरवर पाकीट ठेवतात. घड्याळजी आता ते घेतात, मोजतात, आणि चिठ्ठी देतात. मनगट जुळलं, पण बारीक स्क्रू घ्यायला त्यांचा हात अजून जरासा थरथरतो. 'भला माणूस' असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

परवा मास्तर तिथूनच परत येत असताना मागून हॉर्न वाजला. एक जुनी छोटी व्हॅन, मागे गणवेशांची गाठोडी, आणि स्टिअरिंगवर ताई.

"बसा मास्तर. त्याच बाजूला चाललेय."

मास्तर संकोचले, बसले. श्वास आत घेतला, टक्, सोडला. ताईंनी गिअर बदलला, लोण्यासारखा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीजवळ एक सायकलवाला एकदम गल्लीतून बाहेर आला आणि मास्तरांचा उजवा पाय सगळ्या वजनानिशी खाली आपटला. खाली नुसती पत्र्याची जमीन होती. धप् आवाज झाला.

व्हॅन सायकलीच्या हातभर अलीकडे, एकही झटका न देता उभी होती.

"मास्तर, पाय," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी दोन्ही पाय ओढून सीटखाली घेतले. सवयीनं तोंड उघडलं. 'छान दाबला' हे जुने शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

ताईंनी सायकलवाला जाऊ दिला. आरशात पाहिलं. क्लच सोडला.

"चार," त्या म्हणाल्या, आणि गाडी पुढे निघाली.